राखून ठेवलेली पट्टी

मी एक तपासणीची पट्टी बोलतेय. बोटाएवढी लांब, एका टोकाला सोन्याचा ठिपका. हुरळून जाऊ नका, ते सोनं खरवडलं तर नखातही भरणार नाही. त्यावर डीएनएचे बारीक धागे आहेत, एक टोक सोन्याला बांधलेलं, दुसरं मोकळं. विषाणूचा जुळणारा धागा समोर आला की माझे धागे त्याला मिठी मारतात, माझ्यातली वीज बदलते आणि यंत्रावर ‘आहे’ उमटतं. एरवी ‘नाही’. मला एवढेच दोन शब्द येतात.

ते शिकवले मॅडमनी. त्या रसायनशास्त्रातल्या संशोधक. आमची बरी तुकडी जमेपर्यंत त्यांनी इतक्या पट्ट्या फेकल्या की त्यांचे सर म्हणायचे, “तुझा केर न्यायला आता सोनारच बोलवू.”

माझ्या बहिणी दवाखान्यांत गेल्या. एक थेंब घेतला, एक शब्द बोलल्या आणि कचऱ्याबरोबर जळाल्या. मला त्यांचा हेवा वाटतो. मला मात्र चंदेरी पाकिटात बंद करून गरम कपाटात ठेवलं. पट्ट्या किती काळ टिकतात हे बघायला म्हणे काही राखून ठेवाव्या लागतात. उबेत आम्ही लवकर पिकतो. म्हणजे माझं काम काय, तर कोंडून घेऊन म्हातारं होणं!

मधूनच एखादीला बाहेर काढून तिला अजून ओळख पटते का ते बघायचे. ती परत यायची नाही. त्यामुळे आपण शाबूत आहोत की कामातून गेलो, हे मागे उरलेल्यांना कळायचंच नाही. माझे काही धागे सोन्यावरून सुटल्यासारखे वाटायचे. अंधारात सांगणार कोणाला? मला फार भीती वाटायची.

मग त्याच विषाणूच्या तापाची साथ आली. नव्या पट्ट्या बनताक्षणी दवाखान्यांत जाऊ लागल्या, प्रयोगशाळेत एकही उरेना. नेमका त्याच वेळी मॅडमच्या आईंचा घसा धरला. आई त्यांच्या धाकट्या मुलीकडे, म्हणजे मॅडमच्या बहिणीकडे, निघाल्या होत्या. तिचं बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, अगदी नाजूक. मॅडमनी कपाट उघडलं, पाकिटावरची जुनी तारीख दोनदा वाचली आणि मला पर्समध्ये टाकलं.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र मांडलं.

“अगं, पंख्याखाली झोपले म्हणून झालंय,” आई म्हणाल्या. “उगाच बाऊ करतेस.”

“डोकं मागे कर. नाकात काडी घालू दे.”

“लहानपणी तुला औषध पाजताना तू मला चावली होतीस, आठवतंय ना?”

“आई, गप्प बस गं जरा.”

पाकीट फाटलं. उजेड आला, हवा आली. माझ्यावर थेंब पडला. याच क्षणासाठी मी जन्मले होते. मी जिवाच्या आकांताने चाचपलं. काहीतरी चाटून गेलं का? की नुसता भास? धरायला माझ्याकडे धागेच फार थोडे उरले होते.

यंत्रावर ‘नाही’ उमटलं.

“निगेटिव्ह आहे,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मला यंत्रातून काढलं.

“मी म्हणत नव्हते? आता तिला फोन लाव.”

फोनवर धाकटीला रडूच फुटलं. “लवकर पाठव गं आईला. मला एकटीला झेपत नाहीये.”

“सकाळी निघतेय ती,” मॅडम म्हणाल्या.

आई आत बॅग भरतायत. बाळाची टोपडी घडी करताना गुणगुणतायत, मधेच खोकतायत. मॅडम मला चिमटीत धरून बसल्यात. मी कुठल्या कपाटातली, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्यांना आत्ता संशोधक व्हायचं नाहीये, मुलगी व्हायचंय, आणि थकलेल्या लेकीला ‘नाही’ हा शब्द फार गोड लागतो.

मॅडम, कचऱ्याचा डबा उघडू नका. तुम्ही मला ‘आहे’ शिकवलंत, ‘नाही’ शिकवलंत. ‘मला कळलं नाही’ हे म्हणायला शिकवलं नाहीत. मी गप्प राहिले, तरी यंत्र त्याला ‘नाही’च म्हणतं. आईंना थांबवा.