पुढच्या व्हर्जनचा पंखा

आमच्या शेडमधला कॉम्प्युटर अजून न उजाडलेलं वर्ष बघून परत आलेला आहे. आता हे कोणी खरं मानणार नाही. बेटेगावात मानत नाहीत, बोईसरच्या बाजारात मानत नाहीत, आणि माहीमला माझी सासुरवाडी आहे, तिथे तर मी तोंड उघडलं की बायका उठून आत जातात. बोंबील स्वतःहून दोरीवर चढतात आणि ऊन लागलं की कूस बदलतात, असं मी तिथे एकदा शपथेवर सांगितलं होतं, तेव्हापासून. पण कॉम्प्युटरची गोष्ट मी पुण्याहून आलेल्या एका इंजिनियर बाईंना तोंडावर सांगितली, आणि त्या ऐकत राहिल्या. ती सांगायची पाळी का आली, ते आधी लिहितो.

तारापूरच्या एमआयडीसीत कमलेशशेठची शेड आहे. केमिकलवाल्यांच्या मोठ्या टाक्यांत माल ढवळायला जे पंखे लागतात, ते आम्ही बनवतो. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला तिरकी पाती. मी पूर्वी लाकडाचे साचे करायचो. आता हात थरथरतो, म्हणून शेठनी मला गेटवर खुर्ची दिली आहे. आलेगेले बघायचे, चहा सांगायचा, आणि साहेब लोक आले की त्यांना गोष्टीत गुंतवून ठेवायचं, म्हणजे आत तोवर केर काढून होतो.

कॉम्प्युटरवर उत्कर्षा बसते. माणसं धुळ्याकडची, वडील इथे पॉवर प्लँटमध्ये लागले म्हणून बोईसरला आलेली. पोरगी कामाला चोख, पण जरा काही चुकलं की तिचे कान लाल होतात आणि दुपारचा डबा तसाच परत जातो.

आमचं मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर जुनं. शेठ म्हणतात, चालतंय ना, मग कशाला बदलायचं. चालतं खरं. फक्त एक अडचण असते. जुन्या व्हर्जनमध्ये केलेली फाईल नव्यात उघडते, पण नव्यात केलेली जुन्यात उघडत नाही. पडद्यावर एक पाटी येते की ही फाईल पुढच्या व्हर्जनची आहे, आणि झालं. तुम्ही कितीही टिचक्या मारा.

त्यावर उपायही सोपा आहे. पाठवणाऱ्याला लिहायचं की आमच्याकडे जुनं आहे, तुमच्याकडून खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या, किंवा कुठेही उघडते अशा साध्या प्रकारात द्या. पण हे कोणी लिहीत नाही. आमच्या पट्ट्यातल्या अर्ध्या शेडी जुन्या व्हर्जनवर चालतात आणि सगळे सांगतात लेटेस्ट आहे. मग करतात काय, तर फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, ज्या शेडीत खरोखर नवं आहे तिथे गुपचूप जायचं आणि खालच्या व्हर्जनमध्ये उतरवून आणायची. फाईल उतरवणं असंच म्हणतात त्याला. दुपारी जेवायच्या सुट्टीत रस्त्यावरून घाईने चाललेली, मूठ आवळलेली मुलं दिसली की मी ओळखतो.

त्या दिवशी पुण्याच्या कंपनीची फाईल आली आणि पडद्यावर ती पाटी. उत्कर्षा शेठच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. मी चहा घेऊन तिथेच होतो.

"सर, उघडत नाहीये. त्यांना एक मेल टाकू का? खालच्या व्हर्जनची मागते."

"मेल नाय करायचा," शेठ म्हणाले. "काय लिवशील? आमच्याकडे जुनं हाय? उद्या बोलतील मशीन पण जुनी, माणसं पण जुनी." असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी फोनवर छाती ठोकून सांगितलंय, लेटेस्ट हाय. कर काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय, सर?"

"सगळे करतात ते."

सगळे करतात ते करायचं, पण या कंपनीने ऑर्डर देताना शेठची सही घेतलेली होती की कंपनीचं ड्रॉइंग शेडीबाहेर जाणार नाही. शेठना ते आठवत होतं. उत्कर्षालाही आठवत होतं. ती गेटवरून गेली तेव्हा मूठ आवळलेलीच होती. मला म्हणाली, "काका, जरा पाय मोकळे करून येते." मी म्हटलं, "जा गो पोरी." बाहेर इतकं ऊन होतं की कुत्रं सावली सोडत नव्हतं.

शेजारच्या शेडीत खरोखर नवं व्हर्जन आहे आणि तिथे वैभवी काम करते, उत्कर्षाची मैत्रीण. तिने तिच्या साहेबांना न विचारता फाईल उघडून दिली. आता गंमत बघा. त्या एका फाईलमध्ये पंखा दोन रूपांत ठेवलेला होता, एक उजव्या कलाच्या पात्यांचा आणि एक डाव्या कलाच्या. आपल्याला हवा होता उजवा. फाईल उतरवली की पडद्यावर जे रूप असेल तेवढंच उतरतं, दुसरं मागे राहतं. पडद्यावर होता डावा. एरवी उत्कर्षाच्या नजरेतून हे सुटायचं नाही. पण तिची नजर पडद्यावर नव्हतीच. वैभवीचे साहेब जेवून येतात की काय म्हणून ती दाराकडे बघत होती. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, गेटच्या मागे, नळाशी तोंड धुता धुता.

वर्कशॉपने मिळालं तसं बनवलं. सुंदर बनवलं, आरशासारखं पॉलिश. कंपनीच्या इथल्या प्लँटवर बसवलं आणि पाणी भरून चाचणी घेतली. पाणी खाली ढकलायच्या ऐवजी पंख्याने ते वर उपसलं. टाकीच्या तोंडावर वाकून बघणारे सगळे साहेब नखशिखांत न्हाले. पाणी वरच्या पत्र्याला लागलं असं तिथली माणसं सांगतात. मी सांगताना पत्र्यातून आरपार गेलं असं सांगतो, पण ते वेगळं. मोटर उलटी फिरवा, असं शेठनी फोनवर सुचवून बघितलं. पंखा दांड्याला स्क्रूसारखा आट्यांवर पिळून बसवलेला, उलटा फिरवला तर सुटून टाकीच्या तळाशी जाईल, असं पलीकडून उत्तर आलं. शेठनी फोन ठेवला आणि पंख्याकडे, म्हणजे डोक्यावरच्या छताच्या पंख्याकडे, बराच वेळ बघत बसले.

मग दीपिका मॅडम आल्या. पुण्याच्या ऑफिसात हा पंखा त्यांनीच डिझाईन केला होता. साधी बाई, पाठीवर बॅग, बोलणं हळू. चहा घेतला, बिस्किट घेतलं नाही. लॅपटॉप उघडून आपली फाईल दाखवली.

"आमच्या बाजूने बरोबर आहे. दोन्ही रूपं आहेत, ऑर्डरमध्ये उजवं लिहिलंय. तुमच्याकडे डावं कसं आलं, तेवढं समजून घ्यायचंय. तुम्ही कोणत्या व्हर्जनमध्ये उघडली?"

"लेटेस्ट," शेठ म्हणाले.

"दाखवता का?"

आता कोण नाही म्हणणार. उत्कर्षाने सॉफ्टवेअर सुरू केलं. सुरू होताना त्याचं नाव आणि वर्ष मोठ्या अक्षरांत येतं. ते इतका वेळ पडद्यावर राहिलं की मलाही चष्म्याशिवाय वाचता आलं. शेठ खिडकीकडे वळले. खिडकीत काही नव्हतं, शेजारच्या शेडीची भिंत होती.

"हे बरंच जुनं आहे," दीपिका मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "यात माझी फाईल उघडूच शकत नाही. मग कुठे उघडली?"

उत्कर्षाच्या कानांची लाली मानेपर्यंत उतरली. माउस हातात धरून ती बसली होती. फाईल बाहेर नेली म्हटलं की ऑर्डर जाणार, हिची नोकरी जाणार, आणि शेजारी वैभवीचीही. एवढं मला कळत होतं. आणि मला गप्प बसता येत नाही, हा माझा जन्मापासूनचा आजार.

"मी उघडली," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही?"

"हां मॅडम. ह्यो कॉम्प्युटर जुना पडला म्हणून काय झालं? पाटी काय बोलते? फाईल पुढची हाय. मंग आपणच पुढं जायचं. खाली कोपऱ्यात घड्याळ असतंय, त्याच्यातली तारीख मी पुढं सरकवली. एकेक वर्ष नाय, चांगली ढांग टाकली. पहिलं तर मशीन गुरगुरलं. मंग पडद्याला सुरकुत्या पडल्या."

दीपिका मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. मला तेवढं पुरतं.

"माउसला दम लागला. की-बोर्डवरची अक्षरं पिकून पांढरी झाली. ज्यांचं अजून लगीन नाय झालं त्यांच्या नातवंडांच्या वाढदिवसाची आठवण यायला लागली. आनि बोईसर स्टेशनाभायेर रिक्षा मीटरवर चालल्यात, असा फोटो आला. तवा मला पटलं, आमी लई पुढं आलो."

आता त्या उघड हसल्या. शेठही हसले, थोडे उशिरा. मला वाटलं, जमलं. वीस माणसांसमोर बोंबील वाळवणारा मी, एक बाई काय अवघड.

"आणि फाईल?"

"फाईल गुमान उघडली. तिला वाटलं आपलंच घर हाय."

"मग पंखा उलटा का झाला, काका?"

"परत येताना, मॅडम. तुमी गाडीत इंजिनाकडं पाठ करून बसा, झाडं कुठल्या अंगानं पळतात? तसंच झालं. आमी मागं मागं येत होतो, पात्यांनी तोंड फिरवलं."

त्या पुन्हा हसल्या, डोळे पुसले आणि लॅपटॉप अर्धा मिटला. मग उत्कर्षाकडे बघून अगदी सहज म्हणाल्या, "अगं, एक मेल टाकायचा ना. मी खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून दिली असती. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी मागतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावल्यावर माणूस मान तरी खाली घालू शकतो. रोज कोणी ना कोणी मागतं, हे ऐकल्यावर कुठे बघायचं ते कोणालाच सुचेना. शेठ टेबलावरची काच रुमालाने पुसायला लागले. जी लाज राखायला एवढं सगळं केलं, ती पुण्याला कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. उत्कर्षा हळूच म्हणाली, "हो मॅडम," आणि त्या दोन शब्दांत तिचा आवाज फाटला.

तेवढ्यात शेठनी रुमाल खाली ठेवला. त्यांना वाट सापडली होती.

"मॅडम, गोष्टीचं सोडा," ते म्हणाले. "पण यांनी कॉम्प्युटरला हात लावला ते खरं हाय. मला आत्ता कळतंय. म्हातारा माणूस, नाही तिथं बोटं घालतो. तारीख फिरवली, नेटवरून कायतरी उतरवलं, फाईल बिघडली. पोरीचा काय दोष नाय, माझा तर नायच नाय. मी लिहून देतो. उद्यापासून यांना गेटच्या आत घेणार नाय."

दीपिका मॅडमचं हसू गेलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "काका, खरं आहे हे?"

आयुष्यभर मी खोटं सांगत आलो आणि आयुष्यभर लोक मला खोटारडा म्हणत आले, आमचं बरं चाललं होतं. आज कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवायला निघालं होतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. शेठच्या बापाच्या वेळेपासून मी त्या शेडीत आहे. शेठ माझ्या नजरेला नजर देत नव्हते, पण एक बोट टेबलावर हळूहळू वाजवत होते, म्हणजे हो म्हण, हो म्हण. मला वाईट शेठचं वाटलं नाही. मला लाज वाटली ती याची, की इतका वेळ मी मजेत होतो. त्या बाई हसत होत्या तेव्हा मी पोरीकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिला वाचवतोय म्हणत होतो आणि तिच्यासमोर तिच्याच चुकीचा तमाशा करून टाळ्या घेत होतो.

पण आता मागे फिरणं नव्हतं. मी घसा साफ केला.

"खरं हाय," मी म्हटलं. "मीच केलं. याच हातानं. माउस असा धरला, घड्याळावर टिचकी मारली..."

आणि मी माउस कसा धरला ते दाखवायला हात पुढे केला. हात थरथरत होता.

उत्कर्षा उठली. खुर्चीची चाकं मागे भिंतीवर आपटली.

"बन्सीकाका, खोटं बोलताय तुम्ही," ती मोठ्याने म्हणाली. वर्कशॉपमधलं ग्राइंडर तेवढ्यात थांबलेलं होतं, सगळ्या शेडीला ऐकू गेलं. "तुम्हाला हा कॉम्प्युटर साधा चालूसुद्धा करता येत नाही. मॅडम, फाईल मी शेडीबाहेर नेली होती. कोणाकडे, ते मी सांगणार नाही."