डॉक्टर हॅल्मची सहा मिनिटं

मी बनवलेलं एक पिस्तूल हॅमरस्मिथच्या हवालदारानं जप्त करून तीन दिवस कुलपात ठेवलं होतं. पिस्तूल म्हणजे काय, तर केस वाळवायचं यंत्र, पुढे चहाची गाळणी आणि बाजूला भांड्यांच्या साबणाची तीन झाकणं. ही गोष्ट सांगताना समोर ऐकणारे बरे असले तर तीन दिवसांचा आठवडा होतो, आणि हवालदाराचा फौजदार. माझं नाव विल्फ ऑकेंडन. ‘काळं बंदर’ या टीव्ही मालिकेतली सगळी हत्यारं, दारं, कड्या आणि एक अख्खी अंतराळनौका माझ्या हातची. नौकेचं पोट म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची सांडशीसकट गेलेली पुडिंगची दोन भांडी. तिनं त्यानंतर नाताळात पुडिंग केलं नाही. ते एवढं खरं आहे.

तोवर टीव्हीवरचं अंतराळ म्हणजे इस्त्रीचे गणवेश आणि शेवटी चांगल्यांचा जय. ‘काळं बंदर’मध्ये तसलं काही नव्हतं. साम्राज्याच्या टोकाला एक मोडकं बंदर, तिथं अडकलेले पळपुटे, आणि दर आठवड्याला कुणीतरी कुणालातरी विकायचं. ज्याला तुम्ही जीव लावलात तोच शेवटच्या पाच मिनिटांत घात करायचा, आणि पुन्हा त्याचंही बरोबर वाटायचं. लोक म्हणतात या मालिकेनं एक पिढी शहाणी केली. मी पाहिलं ते इतकंच की संशयी केली. तिच्या चाहत्यांचं मंडळ चार वेळा फुटलं. प्रत्येक तुकडा स्वतःला बंडखोर समजायचा आणि उरलेल्यांना साम्राज्य.

त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. दुसऱ्या वर्षाचा अकरावा भाग, आणि त्यातला डॉक्टर हॅल्म. बंदरातली हवा संपत आलेली. निम्म्यांपुरतीच उरलेली. कोण जगणार याची यादी डॉक्टर करतो, आणि ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांच्यासमोर उभा राहून त्यांना ते सांगतो. सहा मिनिटं, एका दमात. हे काम केलं डेस्मंड थ्रेलनं. डेस्मंड म्हणजे नाटकातला गडी. त्याआधी आणि त्यानंतर त्याला मिळाले ते खानसामे, दारुडे आणि खुनाच्या गोष्टीतले पहिले मुडदे.

भाग दाखवला त्या दिवशी तो डंडीला मुलांच्या नाटकात दुष्ट वजीर झाला होता. तेव्हा एकदा दाखवलं की संपलं. चित्रफीत महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची असा रिवाज. अकराव्या भागाच्या फितीवर पुढे घोड्यांची शर्यत भरली. म्हणजे डेस्मंडनं स्वतःची सहा मिनिटं कधी पाहिलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोन केला होता. “विल्फ, कसं झालं रे?”

“कुणी पापणी हलवली नाही,” मी म्हणालो.

आता जे सांगतो त्यात तिखटमीठ नाही. स्क्रू वेळेवर आले नव्हते, म्हणून हवाबंद दाराची कडी मी डिंकानं चिकटवली होती. चौथ्या मिनिटाला ती सुटली, घरंगळत आली आणि डेस्मंडच्या बुटाला लागून थांबली. तो असा रंगला होता की त्याला पत्ता नाही. स्टुडिओची वेळ संपत आलेली, पुन्हा घ्यायला सवड नाही. भाषण मधेच तुटलेलं ठेवता येईना, म्हणून संकलनात कात्री चालली, आणि सहा मिनिटांतली चाळीस सेकंदं उरली. प्रसारणात गेली ती चाळीस सेकंदं.

पुढे मंडळाच्या पत्रिकेत त्या भागाची संहिता अख्खी छापून आली. मग काय, जो तो पाहिल्यासारखा सांगू लागला. नॉर्विचची एक बाई शपथेवर सांगायची की चौथ्या मिनिटाला डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी येतं. वीस वर्षं मी तिच्याकडे बघून मान हलवत आलो.

मग डेस्मंडचे डोळे गेले. एकदम नाही, आधी मधलं दिसेना, कडेचं दिसे. फेब्रुवारीत त्यानं मला वर्दिंगच्या घरी चहाला बोलावलं.

“ईस्टरपर्यंत दिसेल, असं म्हणतोय डोळ्यांचा डॉक्टर,” तो म्हणाला. “ग्रिम्सबीला कुणी नेव्हिल पिमलॉट आहे. त्याच्याकडे अकरावा भाग आहे म्हणे. परदेशी विकलेली, फिल्मवर काढलेली प्रत.”

“तो? तो आईला तिचा फोटो दाखवायचा नाही. अकरा वर्षं कुणाला दारात उभं करत नाहीये.”

“मला करेल. विल्फ, मी आयुष्यात एकदाच काहीतरी चांगलं केलंय. ते आंधळा व्हायच्या आधी बघायचंय. तू गाडी काढ.”

मी गाडी काढली. वाटेत तीनदा रस्ता चुकलो, त्यातलं एकदाच खरोखर.

नेव्हिल पिमलॉट म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेला, कोपरांवर ठिगळं लावलेला सडपातळ माणूस. तो तोंडावर दार आपटेल याची मी वाट पाहत होतो. पण डेस्मंडला बघून त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “या, थ्रेलसाहेब. यंत्र तापायला वेळ लागेल. बसा. आणि तुम्ही जरा चहाला हात लावायला या.”

स्वयंपाकघरात आल्यावर त्यानं दार लोटलं.

“कडी तुमची ना?” तो हळूच म्हणाला.

मी कप शोधू लागलो.

“मी ती चाळीस सेकंदं शंभरदा पाहिलीत. शेवटी बुटाजवळ कडीचं टोक दिसतं. म्हणून दाखवत नाही कुणाला. लोक मला कंजूष म्हणतात. म्हणू दे. सहा मिनिटं त्यांच्या डोक्यात आहेत, तिथं बरी आहेत.”

“मग आज नाही म्हणायचं होतंस दारातच.”

“त्या माणसाचं तोंड बघून?” त्यानं किटली ठेवली. “तुम्हीच सांगा त्यांना. तुम्ही मित्र ना?”

“वीस वर्षांनी? त्यानं सगळं आयुष्य त्यावर टेकवलंय, पिमलॉट.”

“त्यांच्यासाठी नको म्हणताय की स्वतःसाठी?”

“दोन्ही,” मी म्हणालो. माझ्या तोंडून सहसा इतकं थोडक्यात काही निघत नाही.

बाहेरून डेस्मंडची हाक आली, “अरे, चहा करताय की चहाचा मळा लावताय?”

जुन्या फिल्मला एक रोग लागतो. ती आतून आंबते, व्हिनेगरसारखा वास मारते आणि सुकटासारखी वळते. जमवणाऱ्या प्रत्येकाला त्याची धास्ती. ओट्याखाली व्हिनेगरच्या दोन बाटल्या दिसल्या तेव्हा माझे हात आपोआप कामाला लागले. माशावर शिंपडायची तपकिरी बाटली मी बाजूला सारली. ग्रिम्सबीत ती हुंगली की कुणालाही तळलेला मासा आठवणार. किटलीचा क्षार काढायची पांढरी घेतली. नेव्हिलनं नगरपालिकेच्या गटारांवरचं एक टाकाऊ रीळ आणून दिलं. मी ते व्हिनेगरात बुडवलं, भट्टीच्या उबेला धरून वाकडं केलं, गंजक्या डब्यात भरलं. वीस मिनिटं. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यांत चोख काम, आणि त्याची बढाई मला कुठं मारता येत नाही.

डबा नेव्हिलनंच डेस्मंडच्या मांडीवर ठेवला. “माफ करा, साहेब. अकरा वर्षांत उघडला नव्हता.”

डेस्मंडनं झाकण काढलं. वास आला तसा तो मागे सरला. मग बोटांनी रीळ चाचपलं, एकेक वळ, अगदी सावकाश.

“हे ते?”

“हो,” नेव्हिल म्हणाला.

“विल्फ?”

“तेच आहे,” मी म्हणालो. “वर कागद चिकटवलाय. भाग अकरा.”

कागद मीच चिकटवला होता. त्याला तो वाचताही येणार नव्हता, सवयीनं चिकटवला.

डेस्मंड रडेल, असं मला वाटलं होतं. तो रडला नाही. झाकण नीट बसवून म्हणाला, “दुसऱ्या कुणाला दिलं असतंत तर प्रती निघाल्या असत्या. तुम्ही पेटीत घालून मारलंत ते. एकट्यानं बघायचं म्हणून.”

“हो,” नेव्हिल पुन्हा म्हणाला.

हे मी धरलंच नव्हतं. दुःख होईल, निवेल, असा माझा हिशेब. पण डेस्मंडला आयुष्यात पहिल्यांदा एक शत्रू मिळाला. ईस्टरनंतर उरलंसुरलं दिसणं गेलं, आणि तो प्रत्येक मेळाव्यात बोलू लागला. विषय एकच, त्याचं एकमेव चांगलं काम एका कृपणानं कसं आंबवलं. काय बोलायचा! अकराव्या भागातही तो असा बोलला नव्हता. फुटलेल्या मंडळाचे सगळे तुकडे त्या संतापानं एक झाले. नेव्हिलच्या दारावर लोकांनी व्हिनेगर ओतलं. जिथं तो तिकिटं विकायचा त्या टपाल कचेरीत जाणं त्यानं सोडलं. मी एकदा फोन केला. तो म्हणाला, “खरं रीळ आहे जागेवर. तुम्हाला सांगायचं असेल तेव्हा सांगा,” आणि ठेवून दिला.

ऑक्टोबरात लेस्टरच्या हॉटेलात वार्षिक सभा भरली. ठराव एकच: पिमलॉटला कायमचं काढावं. तो आला होता. मागच्या रांगेत रेनकोट न काढता बसला होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, काही म्हणायचंय का?

“नाही. डबा माझ्याच घरात होता.”

त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर मी उठलो असतो, असं मी नंतर बऱ्याच जणांना नाही, पण स्वतःला सांगत आलो आहे.

अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत, असं बाई म्हणाल्या. नॉर्विचच्या बाईचा हात सगळ्यांत आधी गेला. मग खुर्च्या कुरकुरल्या आणि सगळ्या खोलीचे हात वर गेले. शेजारी डेस्मंड एक हात वर धरून, काळा चष्मा सरळ समोर लावून बसला होता. दुसरा हात त्यानं माझ्या खांद्यावर ठेवला.

“विल्फ, तुझा वर आहे ना?”

मी हात वर केला. त्याची बोटं माझ्या दंडावरून कोपरापर्यंत, कोपरावरून मनगटापर्यंत चाचपत गेली, आणि तिथं त्यांनी एकदा घट्ट दाबलं.