परतीची ओळ

डोंगरावरून धुकं उतरलं ते पांढरं नव्हतं. राखेच्या रंगाचं होतं. करवंदीच्या जाळ्यांवर बसलं, बांधांवर बसलं, वाडीच्या कौलांवर बसलं. आणि बसलं ते उठेना.

बुधा बाजाराचं मीठ घेऊन घाट उतरत होता. घाटाच्या वळणावरून वाडी दिसे, आणि वाडीच्या आधी वाडीचा धूर दिसे. त्या दिवशी एकाही चुलीचा धूर नव्हता. साऱ्या चुली एकदम थांबतात त्या एकाच कारणानं. कोणाच्या दारात, एवढंच बघायचं उरलं होतं.

त्याच्याच अंगणात माणसं बसली होती.

बांधावरचं गवत काढताना बुधाच्या बायकोला, हौसाला पान लागलं होतं, साप डसला होता. निळ्या पडलेल्या तिच्या बोटांत गवताची पेंडी तशीच होती. कोणाला ती सोडवता आली नाही.

सुवासिनी गेली म्हणून तिची ओटी भरायची. घरात तांदळाचा दाणा नव्हता. बुधाची भावजय चांगुणा अंधाऱ्या कोपऱ्यात गेली, चाचपडत एका मडक्यात हात घातला. हाताला नाचणीचे बारीक, गार दाणे लागले. नागली. तीच तिनं ओंजळीनं नेऊन हौसाच्या पदरात ओतली, तळ खरवडून ओतली. मरणाच्या घरात हात आखडता घेऊ नये.

तिरडी उठली. लाल माती, ओली वाट, अनवाणी पाय. जुनं लुगडं कुठंतरी उसवलं होतं. वाटभर दाणा गळत गेला आणि कोणाला दिसला नाही. विसाव्याला तिरडी टेकली, खांदे बदलले, पुन्हा उठली. पदरात उरलं ते नदीकाठी अग्नीनं घेतलं.

दहावं झाल्यावर शेजारची ठकी दारात आली. "दादा, आता तोंडानं मागवत नाही. पण हौसानं बियाणं कबूल केलं होतं. लवकरच्या नागलीचं."

आत भाकरी थापणारे चांगुणाचे हात परातीतच थांबले.

ते नुसतं बियाणं नव्हतं. वाडीची जुनी नागली दिवाळीला हाती येई. भादवा निघे तो रानातल्या कंदांवर, पाल्यावर. पोरं पाणी पिऊन झोपत. हौसाचं वाण पोळ्यामागोमाग पिके. शेतकी केंद्रावरून तिनं ते मूठभर आणलं, उतारावर पेरलं, डोंगराच्या वाऱ्यात टिकलं तेवढंच पुन्हा पेरलं. वाऱ्याला ते वाण ओळखू लागलं, वारा त्याला ओळखू लागला. यंदा ते वाडीच्या घरोघरी जायचं होतं. यंदाचा भादवा भरल्या पोटाचा होणार होता.

मडकं पालथं केलं. काही पडलं नाही.

मग एका सकाळी वाट हिरवी झाली.

बुधाच्या उंबऱ्यापासून नदीपर्यंत नागलीचे कोवळे, केसासारखे कोंब. विसाव्याच्या जागी दाट, माणसानं निजावं एवढी हिरवी पथारी. शेळ्या आल्या, हुंगून मागं फिरल्या. वाडीनं बघितलं, वाडीला कळलं. चांगुणा वाटेवरच बसली आणि ओटीची गोष्ट सांगून रडली.

पण नदीवरून दुसरी ओळ निघाली होती. ती वरच्या पायवाटेनं आली नव्हती, जिथून माणसं अंघोळ करून रिकाम्या हातांनी परतली होती. करवंदीच्या काट्यांतून, जिथून तिरडी गेली नाही, जिथून कोणीच गेलं नाही, तिथून ती वर चढत होती. बुधाच्या मागच्या दारापाशी येऊन थांबली होती.

जाणारी ओळ सगळ्यांना समजली. येणारी कोणालाच समजली नाही.

"मरणवाटेचं रोप शेतात लावू नये," म्हातारे लखमा आबा म्हणाले. "ते खाणाऱ्याला खातं."

"आणि भूक कोणाला खात नाही, आबा?" ठकी म्हणाली. मग ओळीकडं बघत हळूच म्हणाली, "जित्तेपणी बुधादादाच्या वाकड्या लावणीला शिव्या घालायची. आता बघा, सरळ रेघ आखून दाखवली."

कोणीतरी हसलं आणि हसणं मधेच तुटलं.

चांगुणानं डोळे पुसले. "जाणारी तिची. तिला हात लावायचा नाही. येणारी आपली, भाऊजी."

बुधा काट्यांत शिरला. एकेक रोप मुळासकट उपटलं, मातीसकट ओंजळीत धरलं. रोपांची मुळं गार नव्हती. चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखी कोमट होती. त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. घरोघरी जुडी गेली, घरोघरच्या उतारावर लावली गेली. आबांनीही शेवटी हात पुढं केला, पण तोंड दुसरीकडं करून.

जाणारी ओळ वाटेवरच सुकली. एका दिवसात, एकदम.

श्रावण सरला. पोळ्याचे बैल धुतले गेले. जुनी नागली अजून हिरवी होती तेव्हा हौसाची पिकली. तपकिरी, घट्ट, लहान मुलाच्या मिटल्या मुठीसारखी कणसं. उतारामागून उतार पिकला. वाडीनं विळे पाजवले, वाडी बांधावर येऊन उभी राहिली.

पहिल्या विळ्याआधी बियाण्याची कणसं निवडायची असतात. उभ्या पिकातून, एकटीनं, न बोलता, हौसा ती निवडी. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं, ते तिनं सांगितलं नाही आणि बुधानं विचारलं नाही.

तो पिकात उतरला. वारा नव्हता. तरी त्याच्या पुढं कणसं बाजूला होत होती आणि पुन्हा मिटत होती, कोणी चालत जावं तशी. थांबत होती, कोणी वाकून बघावं तशी. तो थांबला की थांबत होती. त्यानं हात पुढं केला. सारी कणसं सारखीच दिसली.

"घ्या ना, भाऊजी," बांधावरून चांगुणा म्हणाली.

"कुठलं घेऊ?" तो म्हणाला. ते त्यानं चांगुणाला विचारलं नव्हतं.

ऊन कलंडलं, विळे वाट बघत राहिले. यंदा पोरं उपाशी झोपणार नाहीत. पुढच्या सालाचं बियाणं निवडायचं राहिलं आहे.