बंदीतला पिंजरा

रविवारी दुपारी संजीवनी बारामतीहून आली, तेव्हा तात्या ओट्यावर बसून जाळ्यात अडकलेला खेकडा सोडवत होते. जाळं चिलापी माशासाठी लावलेलं. पण ते खेकड्याला कोण सांगणार? त्यांनी तो उलटा केला, पोटाखालची झडप अंगठ्यानं अलगद उचलली आणि लेकीसमोर धरला. झडपेखाली मोहरीच्या दाण्याएवढी पिलं दाटीवाटीनं भरलेली, वळवळत होती.

"बघ. शंभर-दीडशे तरी असत्याल. ही एक धरली म्हंजे दीडशे खेकडं मारलं."

"बघितलंय तात्या. दर वर्षी दाखवता."

"दर वर्षी व्यायला लागतंय तिला. मग दर वर्षी दाखवाय नको?"

आतून भाकरी थापण्याचा आवाज थांबला. "माज्या बाळंतपणात डिंकाचा एक लाडू आणला न्हाय ह्या माणसानं," फुलाबाई म्हणाल्या, "आन् ह्या बायेला होडीतनं म्हायेरी सोडाय निगालाय!"

तात्या हसले. घमेल्यात पाणी घेऊन त्यांनी ती मादी त्यात ठेवली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन सोडून आले. तेवढ्यासाठी धोतर भिजवलं म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली.

पळसदेवच्या खालच्या अंगाला, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून ही दहा-बारा घरांची भोईवस्ती. महिपतीतात्यांनी चाळीस वर्षं त्याच पाण्यावर काढली होती. पूर्वी खेकडा घरात खायला असायचा, नाहीतर दुखणाईताला रस्सा म्हणून शेजारी जायचा. मग भिगवणच्या बाजारात बाहेरचे व्यापारी उतरले, शहरातल्या हॉटेलांना खेकडा लागू लागला आणि लोकांनी पाणी अक्षरशः खरवडलं. मुठीएवढा खेकडा दिसेना. लिंबाएवढे खेकडेसुद्धा काट्यावर चढू लागले. तेव्हा तात्यांनी दोन वर्षं घरोघर फिरून, शिव्या खाऊन, पाया पडून मच्छीमार सोसायटीत ठराव करून घेतला होता. मुठीपेक्षा लहान खेकडा धरायचा नाही. आणि जुन्या देवळाची खालची पायरी पाण्याखाली गेली की खेकड्याचे सगळे पिंजरे बाहेर, ते दिवाळीपर्यंत. माद्यांच्या पोटाखाली पिलं असतात ते हेच दिवस. ठरावाचा मसुदा संजीवनीनं लिहिला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या लेकीचं अक्षर तात्या सगळ्यांना दाखवत सुटले होते.

दोन वर्षं लोकांनी बंदी पाळली. खेकडा परत दिसू लागला, चांगला मुठीएवढा. आणि तो दिसू लागला म्हणूनच यंदा, तिसऱ्या वर्षी, सोसायटीचे चेअरमन मानसिंगराव यांनी बंदीच्या दिवसांत खडकी ओढ्याच्या तोंडाशी तीनशे पिंजरे टाकले. घडीचे, नायलॉनचे, एकाच दोरीला ओळीनं बांधलेले. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. बर्फ मानसिंगरावांचा, टेम्पो मानसिंगरावांचा, परवान्यावर सही मानसिंगरावांची. बोलणार कोण?

"मागल्या सभेत मी इचारलं," जेवताना, फुलाबाई शेजारी कालवण द्यायला गेल्यावर, तात्या म्हणाले. "तर म्हणतोय, कुणाचं पिंजरं? कुठं हायती? दावा की! आन् सगळी हासली. संभाजीबी हासला." संभाजी म्हणजे तात्यांचा सख्खा धाकटा भाऊ. "मंगळवारी परत सभा हाय. तू ये. तू ठराव वाचून दाव. तुज्या तोंडनं जरा वजन यील."

संजीवनीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मी येऊन काय होणार, तात्या? आरडाओरडा होईल. त्यापेक्षा रीतसर तक्रार करू. मत्स्यव्यवसाय खात्याकडे."

"तक्रारी दोन झाल्या."

"त्यांना पुरावा जोडला नव्हता. पुराव्याशिवाय कोणी ऐकत नाही. पाण्यातल्या पिंजऱ्यांचा फोटो काढा. नाहीतर त्यातला एखादा उचलूनच आणा."

"मंग ऐकतील?"

"मग ऐकावंच लागेल."

हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. पुस्तक कुठल्या कपाटात मिळेल हे विद्यार्थ्यांना सांगावं तसं. मग तिनं आईचे केस विंचरून दिले, पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेतल्या आणि पाचची एसटी धरली.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला तात्या सापडले. खडकी ओढ्याच्या तोंडाशी, छातीभर पाण्यात. नायलॉनची दोरी डाव्या पायाला दोन वेढे घालून बसली होती, आणि दोरीला एकच पिंजरा होता. बाकीची ओळ कोणीतरी कापून नेली होती. त्या एका पिंजऱ्यात खेकडे होते. जिवंत.

संजीवनी बारामतीहून पोचली तेव्हा पंचनामा चालला होता. हवालदारानं विचारलं, "खेकडे धरायला गेले होते का?"

संभाजीकाका म्हणाले, "व्हय. दुसरं कशाला जातंय माणूस?"

हवालदारानं लिहिलं. कागद सहीसाठी तिच्याकडे आला. आयुष्यभर वाचत आलेली बाई. तिनं तोही शब्द न् शब्द वाचला. 'बंदीच्या काळात खेकडे पकडत असताना पाय अडकून पाण्यात बुडून मयत.' खोटं आहे हे तिला पहिल्या ओळीलाच कळलं. तात्यांची होडी पाच पावलांवर होती आणि तिच्यात कोंबडीची आतडी नव्हती, माशाचं डोकं नव्हतं, चाऱ्याचा वाससुद्धा नव्हता. चाऱ्याशिवाय पिंजरा कोण लावतो? एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण हे बोलायला तोंड उघडावं, तर पुढचा प्रश्न येणार होता, मग कशाला गेले होते? त्याचं उत्तर फक्त तिच्याकडे होतं.

तिनं सही केली. स्वच्छ, वळणदार.

पुढचे नऊ दिवस वस्ती येऊन बसत राहिली. समोर हळहळ आणि पाठ वळली की, "दुसऱ्याला बंदी शिकवायचा आन् सोता चोरून पिंजरं लावायचा." पाणवठ्यावर साखरबाई तर मोठ्यानंच म्हणाली, "देवानं जागीच न्याय केला बघा." फुलाबाईंनी ते ऐकलं आणि भरलेली कळशी तिथंच ओतून घरी आल्या. नवरा गेल्यावर न रडलेली बाई त्या दिवशी चुलीपुढं बसून म्हणाली, "चोर म्हणत्यात गं त्याला. माज्या माणसाला."

संजीवनीला वस्तीचा राग आला, काकांचा आला, आणि मांडवाच्या खुर्च्या, पाण्याचे जार, भटजी सगळं न मागता पाठवून देणाऱ्या मानसिंगरावांचा तर असा आला, की दात आवळून जबडा दुखू लागला. ती आल्यागेल्याला चहा देत राहिली. संयम, असं लोक म्हणत. शिकलेली आहे, किती सोसते बघा. रात्री अंथरुणात तिला वाटे, हा संयम नव्हे, ही घाबरट बाई आहे आणि तिला चांगली भाषा येते.

दहावा पाण्याच्या काठावर झाला. कावळा लगेच शिवला. काही इच्छा उरली नव्हती म्हणून लोकांना हायसं वाटलं. संजीवनीला कावळ्याचाही राग आला.

महाराजांचं प्रवचन झालं आणि रिवाजाप्रमाणं माईक श्रद्धांजलीला मोकळा झाला. दोघंतिघं बोलून गेले. मग मानसिंगराव उठले. पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं, आवाज भरून आलेला.

"महिपतीतात्या म्हंजे ह्या पाण्याचा माणूस," ते म्हणाले. "शेवटी काय झालं, ते आपुन सगळं जाणतो. त्यावर मी बोलनार न्हाय. गेलेल्या माणसाची चूक काढनं आपली संस्कृती न्हाय." ते थांबले. लोकांनी माना हलवल्या. "पर इचार करा मंडळी. ज्या माणसानं बंदी आणली, त्यालाबी ती पाळता आली न्हाय. का? तर पोट! पोटापुढं कायदा चालत न्हाय. येत्या सभंत आपुन ही बंदी उठवू, मुठीची अटबी काढू, आन् परत कुठल्या तात्याला अंधारात चोरावानी पाण्यात उतरायची पाळी येऊ देनार न्हाय. हीच त्यांना खरी श्रद्धांजली!"

कुणीतरी टाळी वाजवणार होतं. दहाव्याला टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून हात मांडीवर ठेवले.

संजीवनी उठली. उठल्यावर तिला कळलं, की आपण उठलो आहोत.

"संजू, खाली बस," संभाजीकाका पुटपुटले. "पावनं हायती."

"आहेत म्हणूनच," ती म्हणाली आणि चालत गेली.

मानसिंगरावांनी मोठ्या मनानं माईक पुढं केला. "बोला ताई. दोन शब्द बोला."

"पंचनाम्यावर माझी सही आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज कर्ण्यातून एवढा मोठा ऐकून क्षणभर तिला थांबावं लागलं. "ती खोट्यावर केलेली सही आहे. तात्या खेकडे धरायला गेले नव्हते. त्यांचे बांबूचे चौदा पिंजरे पायरी बुडाली त्या दिवसापासून आमच्या छपरावर आहेत. जाऊन मोजा. होडीत चारा नव्हता. पायात नायलॉन होतं. आमच्या घरात नायलॉनचा पिंजरा कधी कुणी पाहिलाय? संभाजीकाका, तुम्ही पाहिलाय?"

काका टोपी काढून तिची घडी घालू लागले.

"नसेल पाहिला. मग ते 'व्हय' कशाला म्हणालात? आणि त्या ओळीतले बाकीचे पिंजरे सोमवारी सकाळी कापून नेले कुणी? माझा बाप पाण्यात असताना आधी पिंजरे वाचवायला कोण गेलं होतं?"

"ताई, दुःखात माणूस कायबी बोलतं..." मानसिंगराव माईककडे हात करत म्हणाले.

"दुःखात मी नऊ दिवस होते. आत्ता मला राग आलाय. हात लावू नका."

कर्णा खरखरला आणि बंद पडला. मांडववाल्यानं वायर काढली होती. आयुष्यात कधी मोठ्यानं न बोललेल्या त्या बाईचा आवाज पहिल्याच वाक्याला फाटला. पण पाणी जवळ होतं, वारा नव्हता, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं.

"ज्याच्या पिंजऱ्यानं माणूस मेला, तोच आता त्या मरणाचं कारण सांगून बंदी उठवतोय. आणि तुम्ही माना हलवताय! यंदा मुठीएवढा खेकडा कुणी पैदा केला? मानसिंगरावांनी? दोन पावसाळे पिंजरे घरात ठेवले तुम्हीच. तुमचे हात आहेत त्यात. आणि तुमच्यातल्या प्रत्येकाला हे तीनशे पिंजरे माहीत होते. प्रत्येकाला. मलासुद्धा."

"बाई म्हनून ऐकून घेतोय..." कोणीतरी उठलं.

"बसा हिंदुराव," फुलाबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या नाहीत, आवाज चढवला नाही. "बोलू द्या तिला. नऊ दिस मी तुमचं ऐकलं."

हिंदुराव बसले.

संजीवनीनं आईकडं पाहिलं. कुंकू पुसलेलं कपाळ, पदर दातात धरलेला, नजर लेकीवर. चोराची बायको म्हणून वस्तीनं पाण्यावरून परत पाठवलेली बाई, लेक अजून काय सांगते याची वाट पाहत होती. इथं थांबता आलं असतं. सगळं मानसिंगरावांवर टाकून, ताठ मानेनं जागेवर जाऊन बसता आलं असतं, आणि लोक म्हणाले असते, पोरगी वाघीण आहे.

तिनं बंद माईक मांडीच्या उंचीवर धरला होता. तो तिनं खाली वाळूत ठेवला.

"आई," ती म्हणाली, "रविवारी तात्यांनी मला सभेला बोलावलं होतं. फक्त ठराव वाचायला. मला आरडाओरडा नको होता, म्हणून मी नाही म्हटलं. आणि म्हटलं, पुरावा म्हणून मानसिंगरावांचा एक पिंजरा उचलून आणा. ते चोरी करायला गेले नव्हते. त्यांना मी पाठवलं होतं गं, आई. मी पाठवलं होतं."