मिठातली वार

सोमवारी सकाळी चारुशीलाने लॅबचं दार उघडलं तेव्हा बाहेरच्या बाकावर दोघी बसलेल्या होत्या. म्हातारीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा होता. शेजारी तिची सून दामिनी, कालच दवाखान्यातून सुटलेली. ओढणी अजून पोटावरून घेतलेली होती, पोट उतरलं होतं तरी.

कन्हानच्या डॉक्टरांचा शनिवारीच फोन आला होता. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं, दुसऱ्यांदा. दोन्ही बाळं दिवसांच्या मानाने फार लहान. रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. बाळामागून पडलेली वार तपासून काही कारण सापडतं का, पाहा.

"एवढंच सांगा मॅडम," दामिनी म्हणाली. "काहून जाते ते कळलं, तर मी अजून एकदा धीर करीन. नाही कळलं, तर नाही. आता माझ्यानं होत नाही."

"आमच्यात वार अंगणात पुरतात," तिची सासू कुसुमावती म्हणाली. "हळद-मीठ लावून, अख्खीच. नाही पुरली तर कूस उजवत नाही म्हणतात. पण इनं हट्ट धरला. म्हटलं, ने बाई. तुह्या जिवापेक्षा अंगण मोठं हाय का?"

चारुशीलाने हातमोजे चढवून डबा उघडला. आत पिवळं, ओलं खडेमीठ होतं.

"दवाखान्यातून बरणी दिली होती ना? औषधाच्या पाण्याची?"

"देली होती. पण काय तो वास! डोळ्यांतून धारा लागल्या. लेकराच्या संगतीची वस्तू, तिले असल्या जहरात कसं ठेवाचं? घरी नेली अन् ते पाणी फेकलं मोरीत." कुसुमावती जरा पुढे सरकली. "आम्ही कोष्टी हावो मॅडम. जन्मभर सूत रंगवलं. रंग मिठानंच पक्का होते. दाबून भरलं. एक माशी बसू देली नाही."

"बरोबर झालं ना मॅडम?" दामिनीने विचारलं. ती चारुशीलाच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"पाहते," चारुशीला म्हणाली.

तिने वार धुतली. मिठाने पाणी ओढून ती आक्रसली होती, चामड्यासारखी. वजन केलं तरी त्याला अर्थ उरला नव्हता. तिने तुकडे कापले, काचपट्ट्या केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहिली. पेशींच्या कडा तेवढ्या होत्या, आत काही नाही. रक्तवाहिन्या अरुंद राहिल्या होत्या की मिठाने आवळल्या, हे सांगायला कुठलाच मार्ग नव्हता. तरीही तिने पुन्हा नव्या पट्ट्या केल्या. त्यांतही तेच.

पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा आल्या.

"वार रुजते ना, तेव्हा आईच्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात," चारुशीलाने दामिनीला सांगितलं. "तरच बाळाला पुरेसं रक्त मिळतं. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर ते नीट होत नाही, असं काही अभ्यासांत दिसलंय. सगळ्यांत नाही. हे जीवनसत्त्व आपल्याला मुख्यतः उन्हातून मिळतं."

"उन्हातून?" कुसुमावती म्हणाली. "नागपुरात? इथं डांबर वितळते रस्त्यावरचं, अन् उन्हाची कमी पडली म्हणता?"

दामिनी हसली, पण आवाज आला नाही. "मी कधी पाहिलं ऊन, आई? दुकान सीताबर्डीले, तेही तळघरात. जाताना डोळ्यांपर्यंत स्कार्फ, येताना अंधार." मग चारुशीलाकडे वळून, "मंग? माझ्या वारेत तसंच झालं होतं का?"

"दिसलं नाही."

"म्हणजे तसं नव्हतं?"

"तसंही म्हणता येत नाही. पाहताच आलं नाही. पेशी टिकल्या नव्हत्या."

कुसुमावतीने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना हळद अजून होती.

"मिठानं?" तिने विचारलं.

चारुशीलाला वाटलं, दोन दिवस मध्ये गेले म्हणून, असं म्हणावं; तेही खोटं नव्हतं. पण दामिनी तिच्याकडेच पाहत होती.

"हो," ती म्हणाली.

मग कुसुमावती म्हणाली, "वापस भेटन का ती? पुरतो तरी."

"तुकडे करावे लागले, मावशी."

"अख्खी लागते," कुसुमावती म्हणाली, जणू चारुशीलाला माहीत नसेल म्हणून.

दामिनीने पर्सची चेन उघडली, परत लावली. "आता हे औषध घेतलं, तर पुढचं लेकरू वाचन का?"

"औषध घ्या. तुमच्या हाडांसाठी घ्यायलाच हवं. बाळ वाचेल, असं मी सांगू शकत नाही."

"वाचणार नाही, असं?"

"तेही नाही."

"मंग झालं. नाहीच कळलं," दामिनी म्हणाली आणि उठली.

चारुशीला दारापर्यंत गेली. बाहेर अकराचं ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. दामिनीने स्कूटी वळवून घेतली आणि ओढणी डोक्यावर घेतली. कुसुमावती मागे बसली. रिकामा डबा तिने मांडीवर धरला होता. मग एका हाताने तिने सुनेच्या ओढणीचं सुटलेलं टोक ओढून कानामागे खोचलं.

"नीट बांध वं," ती म्हणाली. "ऊन लागन."

दामिनीने डोळ्यांपर्यंत बांधलं, आणि दोघी गेल्या.