औषधवाल्याला भाऊ म्हणताना

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट रांगेरांगेनं फिरवायचं काम चौघांकडे असतं. ताट पुढे करताना पुरुषाला ‘भाऊ, घ्या’ आणि बाईला ‘ताई, घ्या’ असं म्हणायचं. हे कोणी सुरू केलं, माहीत नाही. मी हे काम एकोणीस वर्षं केलं आणि बायको गेल्यावर सोडलं. मला वाटलं, लोक समजतील दुःखामुळे सोडलं. खरं कारण डाव्या बाजूच्या तिसऱ्या रांगेत बसायचं.

तिथे औषधवाला बसतो. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान त्याचं. बायकोला खोकला लागला तेव्हा त्याच्याकडून दोनदा बाटली आणली. मग डॉक्टरकडे गेलो, तोवर फुप्फुसाचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. तिला जाऊन आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत त्या माणसाला भाऊ म्हणणं काही माझ्या जिभेवर आलं नाही.

मी सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. एका सोमवारी चर्चचे पाळकसाहेब माझ्या दुकानात आले. ताट फिरवणाऱ्यांपैकी एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

“येत्या रविवारी तुम्ही उभे राहा,” ते म्हणाले.

“नको. माझ्या मनात राग आहे. तो ठेवून ताट धरलं तर ढोंग होईल.”

कोणावर, हे त्यांनी विचारलं नाही. मी समोर उघडून ठेवलेल्या खुर्चीच्या स्प्रिंगांवर त्यांनी हात ठेवला.

“मग राग जाईपर्यंत थांबणार?”

“रोज प्रार्थना करतो, हा राग काढून टाक म्हणून.”

“या स्प्रिंगा काढून नुसती फळी ठोकली तर?”

“गिऱ्हाईक मला ठोकेल.”

ते हसले. मी म्हणालो, “पण साहेब, दोरीनं बांधाव्या लागतात त्या. मोकळ्या सोडल्या तर बसणाऱ्याला टोचतात.”

“बांधा की. पण आधी बघा तरी, कुठली टोचतेय ते. येशू मित्राच्या कबरेशी रडला, देवळात चिडला. तुम्ही त्याच्याहून सोवळे व्हायला निघालात.”

ते गेल्यावर मी स्प्रिंगा बांधायला घेतल्या. राग आला की तो पाप आहे, एवढंच मला ठाऊक होतं. दारात भिकारी आला की न बघता दार लावावं, तसं मी रागाशी वागत होतो. तो कधी येतो, कशानं येतो, हे कधी पाहिलंच नव्हतं. मग मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागलो. राग आला की वार, वेळ आणि तो किती, हे टिपायचं.

गुरुवारी दुपारी मेव्हणी जेवणाचा डबा घेऊन आली. बायकोची धाकटी बहीण, बोलायला तिखट. वही उघडीच होती.

“दाजी, हे काय? ‘मंगळवार, साडेपाच, राग, मध्यम.’ हवामान खातं काढलंय का?”

मी सांगितलं. ती चेष्टा करील असं वाटलं होतं, पण तिनं स्टूल ओढलं आणि सगळं वाचलं.

“बुधवारी त्याच्या दुकानावरून गेलात. इथे लिहिलंय, ‘काही नाही.’”

“नाही आला. मलाही नवल वाटलं.”

“मग येतो कधी? मंगळवारी तिचं कपाट आवरताना. बुधवारी शिलाई मशीनवर बसल्यावर. आज परत मशीनवर.” तिनं वही मिटली. “मशीननं काय घोडं मारलंय तुमचं?”

ती गेली आणि मी मशीनसमोर बसलो. जाड कापड शिवायची ती मशीन, खूप जुनी. घरातलं कोणी तिला हात लावलेलं मला खपायचं नाही. फक्त बायको कधीमधी वापरायची. शेवटच्या वर्षी एकाच महिन्यात तिनं आपले दोन झगे तिच्यावर कमरेत आत घेतले होते. मी तेव्हा काय म्हणालो, तेही आठवलं. माझा चांगला दोरा संपवू नकोस, म्हणालो होतो.

आणि त्याच महिन्यातली दुसरी गोष्ट आठवली. दुसरी बाटली आणायला मी गेलो होतो. औषधवाल्यानं विचारलं होतं, “वजन उतरलंय का त्यांचं?” बाहेर टेम्पोत सोफा चढवून ठेवला होता आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी म्हणालो, “नाही हो, साधा खोकला आहे. द्या लवकर.”

माप घेणं हे माझं काम. खुर्चीची बैठक बोटभर खचली तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. बायको माझ्या डोळ्यांसमोर कपडे आत घेत होती.

त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी मी औषधवाल्याकडे गेलो. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. झगे, टेम्पो, त्याचा प्रश्न, माझं उत्तर.

“तुमच्यावर चिडलो होतो. चुकलं माझं. माफ करा,” मी म्हणालो.

त्याचे डोळे भरतील, असं काहीतरी मी मनात धरून गेलो होतो. तो भडकला.

“आठ महिने,” तो म्हणाला. “आठ महिने मंडळीत मला बघून लोक गप्प होतात.”

“मी कोणाकडे अवाक्षर काढलं नाही.”

“काढायला कशाला हवं? औषध माझ्याकडचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. वर तुम्ही ताट खाली ठेवलंत. लोकांना तेवढं पुरतं.”

याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटत होतं, राग मनात ठेवून मी गप्प राहिलो, कोणाचं काही बिघडवलं नाही.

त्यानं काउंटरवरच्या गोळ्यांच्या पाकिटांची चळत सरळ केली, मग परत केली.

“दुसरी बाटली मी द्यायला नको होती,” तो म्हणाला. “तुम्ही नाही म्हणालात तरी. त्यांना इथे घेऊन या, असं म्हणायचं होतं. ते रोज डोक्यात येतं. तुम्ही माफी मागून ते जाणार नाही.”

“माझं तरी कुठे गेलंय? तुमचा थोडा राग अजून आहेच.”

“मला तुमचा थोडा नाही, चांगला आहे.”

“उद्या मी ताट फिरवणार आहे,” मी म्हणालो.

“फिरवा. मी काय जागा बदलणार आहे?”

रविवारी ताट हातात घेतलं तेव्हा मी मनाशी तपासून पाहिलं. राग होता. पूर्वीपेक्षा हलका होता, पण होता. शेजारी लाज होती, बायकोची आठवण होती, आणि औषधवाल्याचे दिवस आता कसे जात असतील, हे कुतूहल होतं. एवढी सगळी गर्दी असताना ताट धरता येतं, हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या रांगेपाशी आलो. औषधवाल्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. मी ताट पुढे केलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणालो.

तो ताटाकडेच बघत होता. भाकरीला हात न लावता हळूच म्हणाला, “ऐकू नाही आलं.”

“भाऊ, घ्या,” मी पुन्हा म्हणालो, मागच्या रांगेपर्यंत जाईल असं.

त्यानं तुकडा घेतला.