कावळा शिवेना

बस भाऊ, इथं ओट्यावर बस. चहा उकळंस्तवर ह्या मळ्याच्या मालकाची, गोरक्षची गोष्ट सांगतो.

गोरक्षच्या दोन्ही किडन्या बसल्या, तवा घोटीला दिलेल्या फुलाबाईनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, आपली एक काढून दिली. वर हसली, “लहानपणापून माझ्याच जिवावर उड्या मारतोस, मार आता खुशाल.” तवापून ती किडनी टिकावी म्हणून सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल. तिचा वास लय उग्र, पाकीट फोडलं का घरभर. बायको, लंकाबाई, म्हणायची, “आल्या बघा नणंदबाई.”

दोन हजार तीनच्या पावसाळ्यात फुलाबाईला भाताच्या खाचरात पान लागलं, साप डसला. गेली.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला. गोरक्ष हात जोडून म्हणला, “ताई, पोरांचं मी बघतो.” कावळे यायचे, मान वाकडी करून गोरक्षकडं बघायचे, उडून जायचे. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. निघताना खंडेरावमामा पचकला, “शिवंल कसा? अर्धी बाई ह्याच्या पोटात जिती हाय!”

थट्टाच ती, पण रुतली. झेंडूत खुरपताना गोरक्षला वाटायचं, शेजारच्या सरीत कोणतरी उकिडवं बसलंय. बघावं तर कोण नाय. उजव्या कुशीला, जिथं बहिणीची किडनी बसवलेली, हात लावला तर ऊन-ऊन. “ताई, मीच अडकवलं का गं तुला?”

तिला मोकळी करायची म्हणून तो कॅप्सूल गुपचूप उकिरड्यात टाकाय लागला. मनाशी म्हणायचा, “माझं काय व्हायचं ते होवो.”

एक दिवस लंकाबाई चुलीपुढून म्हणली, “अहो, नणंदबाई यायच्या बंद झाल्या का?” घरात वासच नव्हता. तिनं वळून बघितलं तर नवऱ्याचं तोंड सुजलेलं, अंगात ताप. सिन्नरकडून येणारी जीप थांबवली, नाशिकला यशश्री डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवला. तिथं त्यानं सगळं ओकलं.

बाई आधी लय बोलल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. त्यांच्यात एक प्रथिन असतं, कुलूप लावल्यासारखं गप्प. एक एन्झाइम ते कुलूप काढतं. मग प्रथिन पेशीच्या गाभ्यात शिरून जनुकं जागी करतं, आणि राखणदार परक्यावर तुटून पडतात. तुमची कॅप्सूल त्या एन्झाइमचा हात धरून ठेवते. तुम्ही तो सोडलात.”

“मंजी ताई सुटत नव्हती?”

“सुटते कसली! तुमच्याच पेशी तिची किडनी फाडत होत्या.”

गोरक्षनं उपरण्यात तोंड खुपसलं.

सुया दिल्या, किडनी वाचली. थोडी अधू झाली. आता कॅप्सूल चुकत नाय. पण रोज कॅप्सूल घेतली का तो त्या भिंतीवर भाताचा घास ठेवतो. कावळा येतो, मान वाकडी करतो, न शिवता जातो. मग गोरक्ष कुशीवर हात ठेवून म्हणतो, “हाय, अजून हाय.”

आताच घास ठेवून हात धुवाय गेलाय तो. भाऊ, तुझं तोंड भिंतीकडंच हाय. कावळा घासाजवळ सरकला तर गोरक्षला हाक मारू नको. उगी हात हलव, उडू दे त्याला.